भंगारवाला जे घेत नाही, ते

मागच्या अंकात मी माझा दाण्याचा कारखाना का बंद केला ते लिहिलं होतं. दाणा म्हणजे काय हे सांगायचं मात्र राहून गेलं, आणि तीन वाचकांनी अगदी गंभीरपणे विचारलं की तुमचा दाणा पाखरांचा होता की कोंबड्यांचा. चूक माझीच. बावीस वर्षं तो शब्द तोंडात असल्यावर बाहेरच्यांना तो कळत नाही हे लक्षातच येत नाही. भंगारातलं प्लास्टिक धुवायचं, वाळवायचं, चिरायचं, वितळवायचं, शेवयांसारखं बाहेर काढून पाण्यात गार करायचं आणि त्या शेवयांचे मसुराएवढे तुकडे करायचे. हे तुकडे म्हणजे दाणा. त्यापासून मग बादल्या, पाइप, काळ्या पिशव्या होतात. आता पत्रांकडे वळतो. सगळ्यांना पुरेल एवढी जागा नाही, म्हणून ज्यांवर मला बोलायचं आहे तीच निवडली आहेत.

सांगलीच्या एक शिक्षिका लिहितात: सातवीच्या मुलांकडून प्लास्टिकवर प्रकल्प करून घेते आहे. एका ठिकाणी वाचलं की भारतात ६० टक्के प्लास्टिक रिसायकल होतं, जगाच्या कितीतरी पुढे. दुसरीकडे वाचलं की प्लास्टिकच्या प्रदूषणात भारत जगात पहिला. मुलं विचारतात, बाई, खरं काय?

बाई, दोन्ही आकडे कुठून ना कुठून आले आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. आधी ६० टक्क्यांचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या अंदाजानुसार देशात दिवसाला २५,९४० टन प्लास्टिक कचरा होतो. २०१९ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की त्यातला ४० टक्के गोळाच होत नाही. म्हणजे उरलेला ६० टक्के गोळा होतो. गोळा होतो, एवढंच. पुढे कुणीतरी ‘गोळा’च्या जागी ‘रिसायकल’ लिहिलं आणि तो आकडा भाषणांतून फिरू लागला. माझ्या कारखान्यात शंभर किलो मिक्स पन्नी, म्हणजे पातळ पिशव्यांचा सरमिसळ माल, काट्यावर चढली की दाणा निघायचा सत्तर-बहात्तर किलो. बाकी माती, ओल, कागदाची लेबलं आणि वितळायलाच तयार नसलेला माल. त्याचे ढीग मागच्या भिंतीला लागलेले असत. ते ‘गोळा’ झालेलेच होते.

जगाशी तुलना करायची तर आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा हिशेब सांगतो की २०१९ मध्ये जगात ३५.३ कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला खऱ्या अर्थाने रिसायकल झाला तो फक्त ९ टक्के. आपल्याकडचं प्रमाण त्याहून बरंच जास्त असणार याबद्दल मला शंका नाही, कारण आपल्याकडे टाकलेली वस्तू पोटासाठी उचलणारी माणसं आहेत. पण ६० आणि ९ हे शेजारी शेजारी मांडणं म्हणजे एकाच्या पेरणीची दुसऱ्याच्या मळणीशी तुलना.

आता ‘जगात पहिला’. हा आकडा ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यांनी २०२० या वर्षाचा अंदाज बांधला: भारतातून वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक कुठल्याही व्यवस्थेत न जाता उघड्यावर पडतं किंवा जळतं. त्यातलं ५८ लाख टन नुसतं जाळलं जातं. आता मंडळाचा वार्षिक अहवाल घ्या. २०२२-२३ मध्ये देशभर मिळून प्लास्टिक कचरा ‘निर्माण’ झाला तोच ४१.३६ लाख टन. म्हणजे झाला त्याच्या दुपटीहून जास्त बाहेर सांडला! मुलांना हे गणित घाला, मजा येईल. संशोधकांचं म्हणणं असं की सरकारी आकड्यात खेडी नाहीत, उघड्यावर जाळलेला कचरा नाही आणि भंगारवाल्यांनी परस्पर उचललेला मालही नाही. लीड्सचा आकडाही गणिती प्रारूपातून आलेला आहे, तोही कुणी काट्यावर तोललेला नाही, हे मुलांना जरूर सांगा. आणि आपली लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे, त्यामुळे माणशी हिशेब केला तर आपण पहिले नाही, बरेच खाली आहोत.

एक गंमत मी स्वतः केली. ४१.३६ लाख टनाला १४० कोटींनी आणि मग ३६५ दिवसांनी भागलं. माणशी दिवसाला ८ ग्रॅम आले. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या तीन रिकाम्या पिशव्या, फार तर. मग आठवडाभर घरातलं सगळं प्लास्टिक एका गोणीत टाकलं आणि सातव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. आम्ही दोघंच राहतो, बाहेरून काही मागवत नाही, पिशवी घेऊन बाजारात जाणारी माणसं. भरलं ३१० ग्रॅम. माणशी दिवसाला २२. पत्नी म्हणाली, तेलाचा पाच लिटरचा डबा याच आठवड्यात संपला म्हणून जास्त दिसतंय. असेल. तुमच्या वर्गातली चाळीस मुलं हेच करतील तर कुठल्याही अहवालापेक्षा चांगला प्रकल्प होईल.

पुण्याहून एक वाचक: डब्याच्या तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. म्हणजे ती वस्तू रिसायकल होते असं समजायचं ना?

नाही. तो आकडा फक्त जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उत्पादकांच्या संघटनेने १९८८ मध्ये ही खूण काढली, ती कुठल्या जातीचं प्लास्टिक आहे हे छाटणी करणाऱ्याला कळावं म्हणून. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे एचडी, जाड पॉलिथिन, शाम्पूची बाटली. ३ पीव्हीसी, पाइपांचं प्लास्टिक, ४ एलडी म्हणजे मऊ पॉलिथिन, दुधाची पिशवी, ५ पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातच आला. आणि ७ म्हणजे वरीलपैकी काही नाही. बाणांचा त्रिकोण बघून लोकांचा समज व्हायचा तो झालाच.

कचरावेचक बायका हा आकडा बघतही नाहीत. एका मावशींना मी विचारलं होतं, न बघता कसं ओळखता? त्यांनी दोन झाकणं एकेक करून दोन बोटांत दाबली, एक फुटलं, एक वाकलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या गोणीत गेली. पुण्यात त्यांच्या बोलीत ‘फुगा’ म्हणजे फुंकून केलेल्या जाड बाटल्या आणि कॅन, ‘दूध’ म्हणजे दुधाच्या पिशव्या. कारखान्यात आम्ही पाण्याच्या टाकीचा आधार घ्यायचो. एचडी, एलडी, पीपी तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. पंचाईत इथेच. पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, त्यामुळे पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही. पेट जिथे वितळतं त्याच्या कितीतरी आधी पीव्हीसी जळतं आणि आम्लाचा धूर सोडतं, म्हणून पेटच्या ढिगात चुकून गेलेली एक पीव्हीसीची बाटली अख्खा घाणा काळा करते.

माझं स्वतःचं नुकसान मात्र पीव्हीसीने नाही, खाद्यतेलाच्या पिशव्यांनी केलं. रिकामी, धुतलेली तेलाची पिशवी आणि दुधाची पिशवी हाताला सारखीच लागते. पण काही तेलाच्या पिशव्यांच्या मधल्या थरात नायलॉन असतं, म्हणजे वास आणि चव आत राहते. एलडी मी १८०-१९० अंशांवर चालवायचो. नायलॉन वितळायला २२० च्या आसपास लागतात. म्हणजे ते वितळत नाही, खड्यांसारखं तसंच पुढे सरकतं. एका पावसाळ्यात दूध म्हणून घेतलेल्या मालात तेल मिसळलेलं निघालं. आमची गाळणीची जाळी दोन तासांनी बदलायची, ती वीस मिनिटांनी बदलावी लागत होती. मी शहाणपणा केला आणि मोठ्या भोकांची जाळी लावली. दाणा दिसायला झकास. तो घेऊन गिऱ्हाइकाने पिशव्यांचं मशीन लावलं तर फुगवलेली पन्नी जागोजागी फाटायला लागली. तीन टन माल परत आला, येण्याजाण्याचं भाडं माझ्या नावावर. त्या तेलाच्या पिशवीवरही बाणांचा त्रिकोण होताच. आकडा ७.

नाशिकहून एक दुकानदार, जरा रागाने: मोठ्या कंपन्या जाहिरात करतात की जेवढं प्लास्टिक विकतो तेवढं परत गोळा करतो. माझ्या दुकानातून रोज दोनशे वेफर्सची पाकिटं जातात. एकही परत न्यायला आजवर कुणी आलेलं नाही. मग हे गोळा कोण करतं?

तुमची पाकिटं परत नेली पाहिजेत असं नियम म्हणतच नाही. नियम म्हणतो, तेवढ्या वजनाचं. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारे नियम १६ फेब्रुवारी २०२२ ला आले. त्यात तेव्हा वेष्टनांचे चार गट होते: कडक, लवचीक, बहुस्तरीय म्हणजे अनेक थरांचं, आणि कंपोस्ट होणारं. कंपनीने ज्या गटाचं जितकं वेष्टन बाजारात आणलं तितक्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत रिसायकलवाल्याकडून विकत घ्यायची आणि सरकारी पोर्टलवर चढवायची. २०२३-२४ पासून शंभर टक्के. म्हणजे नाशिकमध्ये पाकीट विकलं आणि दुसऱ्या राज्यात कुणीतरी तेवढंच उचललं, तरी हिशेब मिटला.

कागदावर वाईट नाही. पण प्रमाणपत्र ही संगणकावरची चीज. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाने तपासणी केली तेव्हा मोजक्या रिसायकलवाल्यांनी मिळून सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं काढलेली निघाली. मंडळानेच हे शोधलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण आमच्या धंद्यात ज्यांना यंत्राची क्षमता वाचता येते त्यांना आश्चर्य वाटलं नाही. वीजबिल बघितलं तरी कळतं की माणसाने वर्षात किती दाणा काढला असेल.

आता तुमच्या पाकिटाविषयी. ते दोन-तीन थर चिकटवून केलेलं असतं, वर छपाईची शाई, आत चकचकीत धातूचा मुलामा. वितळवताना शाईचा वायू होतो आणि दाण्यात बुडबुडे येतात. तरी तांत्रिक अडचण मी दुसरी मानतो. पहिली अडचण वाकण्याची. लहान पाकीट रिकामं तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. कचरावेचक बाई तीनशेहून अधिक वेळा वाकली तर एक किलो होतो. लिटरची पाण्याची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, तिथे चाळीस-पन्नास वेळा वाकून किलो होतो आणि भावही चांगला मिळतो. तुम्ही तिच्या जागी असाल तर काय उचलाल? आपल्या देशातल्या रिसायकलिंगचं सगळं अर्थशास्त्र या कमरेत आहे. ज्याला गिऱ्हाईक आहे ते रस्त्यावर दुपारपर्यंत टिकत नाही. ज्याला नाही ते नाल्यात जातं, मग त्यावर कुठलीही खूण छापा.

आणि कायद्याची एक खुबी सांगतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की रिसायकल न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरता भरता, मार्च २०१८ मध्ये दुरुस्ती आली: जे रिसायकल होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कुठलाच उपयोग नाही, तेवढंच बंद. जाळलं तर ऊर्जा सगळ्यापासूनच मिळते. संपलं.

त्यामुळे गोळा झालेली पाकिटं बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जातात, कोळशाबरोबर. तिथलं तापमान १,४०० अंशांच्या वर असतं, उघड्यावर जाळण्यापेक्षा ते शंभरपटीने बरं. काही रस्त्यात जातात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ती पद्धत काढली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की खडीला पातळ लेप बसतो आणि डांबर कमी लागतं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. चांगलं काम आहे. पण रस्त्यात गेलेलं पाकीट पुन्हा पाकीट होत नाही, त्याला रिसायकल म्हणू नये. नव्या नियमांतही ही ‘शेवटची विल्हेवाट’ या सदरात आहे, हे बरं केलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवरून: तुम्ही मागे लिहिलंत की प्लास्टिक जाळू नका. आमच्याकडे घंटागाडी येत नाही, भंगारवाला दिवाळीनंतर एकदा येतो. गुरं पिशव्या खातात म्हणून आम्ही जाळतो. मग काय करायचं ते सांगा.

हे पत्र वाचून मी दोन दिवस गप्प बसलो. शहरात बसून ‘जाळू नका’ म्हणणं सोपं असतं, आणि तुमची गाय मेली तर भरपाई मी देणार नाही. वरच्या शिक्षिकाबाईंच्या उत्तरातले ते ५८ लाख टन आठवा. ते अशाच घरामागच्या खड्ड्यांतून येतात आणि त्यातली बरीचशी माणसं जाळतात कारण दुसरा मार्ग समोर नाही.

जे करता येईल ते सांगतो. जाळायचंच झालं तर निदान तीन गोष्टी त्यात कधीच नकोत: पीव्हीसी पाइपाचे तुकडे, वायरचं आवरण आणि रेक्झिन. यांत क्लोरिन असतं, त्यांच्या धुरातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं आणि तो धूर चुलीजवळच्या बाईच्या आणि पोराच्या नाकात जातो. दुसरं, प्लास्टिक ओल्या कचऱ्यापासून पहिल्या मिनिटालाच वेगळं ठेवा. कोरडं प्लास्टिक नासत नाही, वास मारत नाही, गुरांना ओढत नाही. गुरं पिशवी खातात ती आतल्या शिळ्या भाताच्या वासाने. गोठ्याच्या आढ्याला खताची एक रिकामी गोणी टांगा. वर्षाला एका घराच्या तीन-चार गोण्या होतील. दिवाळीनंतर येणारा भंगारवाला सुटी पिशवी घेणार नाही, पण दहा घरांच्या बांधलेल्या गोण्या ठेवल्यात तर त्याला टेम्पो आणणं परवडतं.

आणि जे तो घेणार नाही त्यासाठी ग्रामसभेत एक प्रश्न लिहून द्या. २०१६ च्या नियमांनी पहिल्यांदा खेड्यांना यात आणलं, प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. विचारा: आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, आणि आपल्या गावाचं प्लास्टिक तिथे कोणत्या वारी जातं? ‘कोणत्या वारी’ हे शब्द गाळू नका. ‘जातं का’ असं विचारलंत तर ‘जातं’ असं उत्तर मिळेल.

ठाण्याच्या एक वाचक: महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. भाजीवालीला पाच हजार दंड होतो, पिशवी करणाऱ्याला काही नाही. हा कुठला न्याय?

पिशवी करणाऱ्यालाही तोच कायदा आहे, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत बनवणं, साठवणं, विकणं सगळंच येतं. पण भाजीवाली रस्त्यावर बसते आणि पातळ पिशवीचं मशीन शटर ओढून रात्री चालतं. मशीन लहान असतं, एका गाळ्यात मावतं. मला नवा माल द्यायला येणाऱ्यांना ते कुठे आहे हे माहीत असायचं, मग तपासणी करणाऱ्यांना का नसावं, एवढंच म्हणतो. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन ठरली, यामागचा विचार मला पटतो. जाड पिशवी महाग, म्हणून दुकानदार फुकट देत नाही. आणि जड, म्हणून कचरावेचक उचलते.

एक वाचक, गाव लिहिलेलं नाही: ‘कंपोस्ट होणारी’ पिशवी कुंडीत पुरली. आठ महिन्यांनी तशीच आहे. फसवणूक?

असेलच असं नाही. या पिशव्या ज्या मानकाला उतरतात ते कंपोस्टच्या मोठ्या, गरम ढिगासाठी आहे, कुंडीसाठी नाही. पिशवीवर प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का बघा, नसेल तर फसवणूक. आणि एक विनंती, ही पिशवी दुधाच्या पिशव्यांत मिसळू नका. आमचा दाणा बिघडतो. बिघडायचा, म्हणायला हवं.

कोल्हापूरहून एक आजी: दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवते. सून म्हणते, आई, पाणी वाया घालवता. धुवायच्या का?

धुवा, पण नव्या पाण्याने नको. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी पुरतं. न धुतलेली पिशवी तिसऱ्या दिवशी आंबते, मग ती बाकीच्या शंभर पिशव्यांना वास लावते आणि भंगारवाला सगळ्यांचाच भाव पाडतो. आणि कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, थोडा जोडलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा कुणी उचलत नाही. आमच्या टाकीत तो आला तरी जाळीतून निसटून गटारात जायचा. गटाराच्या तोंडाशी मी चाळण लावली होती. महिन्यातून एकदा ती साफ करताना हाताला लागायचे ते हेच, निळे-पांढरे त्रिकोण.

आणि पनवेलचे एक वाचक: बाटलीचं झाकण काढून द्यावं की लावून?

लावून. सुटं झाकण हरवतं. झाकण वेगळ्या जातीचं असतं, पण ते तरंगतं आणि पेट बुडतं, टाकीत आपोआप वेगळं होतं. फक्त आतलं पाणी आधी ओता आणि बाटली चेपून मग झाकण लावा. अर्धी भरलेली बाटली काट्यावर ठेवून वजन वाढवणारे होते आमच्याकडे. त्यांचा माल घेताना मी गोणी आधी उलटी करून पाच मिनिटं उभी ठेवायचो.